मदत हवी आहे: हाफ-फ्रेमचे फोटो मऊ येतात, दोष कॅमेऱ्यात शोधू की स्कॅनमध्ये?

नमस्कार मंडळी,

हाफ-फ्रेम कॅमेरा वापरणाऱ्या आणि निगेटिव्ह स्वतः स्कॅन करणाऱ्या जाणकारांची मदत हवी आहे.

कॅमेरा ऑलिम्पस पेन ईई-३, म्हणजे १९७३ साली आलेलं मॉडेल. योशिहिसा माइतानी यांचा पहिला पेन १९५९चा, हा त्याच घराण्यातला. रोल नेहमीचा ३५ मिमीचाच, पण फ्रेम २४×३६ऐवजी १८×२४ मिमीची. एरवी फिल्म आठ छिद्रं पुढे सरकते, इथे चारच. त्यामुळे ३६च्या रोलवर ७२ फोटो बसतात, आणि कॅमेरा आडवा धरला की फोटो उभा येतो. लेन्स २८ मिमी, एफ ३.५ (एफचा आकडा जितका मोठा, तितकं ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, लहान), फोकस कायमचा एका अंतरावर बसवलेला. शटरचे वेग दोनच, १/२०० आणि १/४०. लेन्सभोवतीचा सेलेनियम सेल प्रकाश मोजतो आणि वेग-ॲपर्चर कॅमेराच ठरवतो. बॅटरी लागत नाही. या कॅमेऱ्यावर माझा फार जीव आहे, त्यामुळे 'दुसरा घ्या' हा सल्ला कृपया नको.

सेल ठीक असावा. हाताने झाकला की व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते आणि शटर उडत नाही, उन्हात धरला की पट्टी येत नाही. ॲपर्चरची पातीही कोरडी आहेत, तेल दिसत नाही. फिल्म बहुतेक वेळा ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे प्रकाशाला ती किती संवेदनशील) रंगीत निगेटिव्ह.

आता अडचण. लॅबकडून स्कॅन येतात ते दोन-दोन फ्रेमच्या जोडीने, एका फाइलमध्ये शेजारी-शेजारी. जोडी जमून आली तर सुरेख दिसते, पण एक फोटो उन्हातला आणि शेजारचा खोलीतला असला की दोन्हींचे रंग बिघडतात. उजेडातला फिका पडतो, अंधारातला गढूळ होतो. शिवाय फाइल ३०००×२००० पिक्सेलची, म्हणजे एका फोटोच्या वाट्याला १५००×२००० उरतात. मला १८×२४ सेंमीचे प्रिंट काढायचे आहेत. हिशोब केला तर ती बरोबर दहापट वाढ होते (पूर्ण फ्रेमला साडेसातपट पुरते), आणि प्रिंट ३०० डीपीआयला हवा असेल तर निगेटिव्ह ३००० डीपीआयला स्कॅन व्हायला हवी.

म्हणून फ्लॅटबेड स्कॅनरवर ३२०० डीपीआयला स्कॅन करून पाहिलं. जोडीचा प्रश्न सुटला, पण फोटो मऊच. सावलीतले फोटो तर मऊ आहेतच, पण भर उन्हातलेही हवे तितके शार्प नाहीत, आणि हेच मला कोड्यात टाकतं. उन्हात ॲपर्चर लहान होणार, मग फिक्स फोकसची अडचण कमी व्हायला हवी ना? काही फ्रेमचा उजवा कोपरा जास्त मऊ वाटतो.

माझ्याकडे एपीएस-सी (२४×३६ मिमीच्या फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा २४ मेगापिक्सेलचा मिररलेस कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स आहे. त्याने निगेटिव्हचे फोटो काढून स्कॅन करणं हाफ-फ्रेमला योग्य ठरेल का? की आधी पेनच दुरुस्तीला द्यावा? सुरुवात कुठून करू, हे कृपया सांगा.

प्रतिसाद

दुरुस्तीची घाई नको. दोष कुठे आहे ते निगेटिव्हच सांगेल.

स्कॅन १०० टक्के मोठा करून फोटोकडे नाही, ग्रेनकडे (फिल्मवरच्या बारीक कणांकडे) बघा. ग्रेन टोकदार दिसतोय आणि चित्र मऊ आहे, तर स्कॅनचं काम चोख झालंय, मऊपणा फोटो काढतानाच आलाय. ग्रेनच विरघळल्यासारखा असेल तर स्कॅनरला निगेटिव्ह नीट दिसलेलीच नाही, आणि तोवर कॅमेऱ्याबद्दल काहीच म्हणता येणार नाही. फ्लॅटबेडवर बहुधा हा दुसरा प्रकारच घडतो. खोक्यावर आकडा कितीही मोठा असो, त्यातल्या बऱ्याच यंत्रांना खरा तपशील त्याच्या निम्माही पकडता येत नाही. तुम्ही ३२०० टाकलंत म्हणून ३२०० मिळाले असं समजू नका.

उजव्या कोपऱ्यासाठी तीच फ्रेम १८० अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन करा. मऊ कोपरा चित्राबरोबर फिरला तर तो निगेटिव्हमध्ये आहे. स्कॅनरच्या त्याच बाजूला राहिला तर फिल्म तिथे वाकलेली आहे किंवा होल्डर समतल नाही.

लॅबवाले मुद्दाम वाईट करत नाहीत. त्यांची यंत्रं पूर्ण फ्रेमच्या मापाने चालतात आणि रंग-उजेड संपूर्ण चौकटीचा मिळून ठरवतात. दोन हाफ-फ्रेमच्या मधली रेघ जेमतेम १ मिमीची, दोन्ही फोटो अंधारे असले तर यंत्राला ती सापडतही नाही. 'एकेक फ्रेम वेगळी स्कॅन करा' असं आधी विचारून बघा, काही ठिकाणी करून देतात.

प्रतिसाद

मिररलेस वापराच. हाफ-फ्रेमला एपीएस-सी फुल-फ्रेमपेक्षाही सोयीचा आहे. १८ मिमीची बाजू सेन्सरच्या सुमारे १५.६ मिमीत बसवायची, म्हणजे ०.८७ पट, आणि हे कोणत्याही १:१ (वस्तूच्या मूळ आकाराइतकी प्रतिमा देणाऱ्या) मॅक्रो लेन्सला जमतं. वापरात येतात साधारण ४०००×५३३३, २१ मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्याच फुल-फ्रेमवर १:१ने काढलं तर निम्मा सेन्सर रिकामा राहतो आणि १२ मेगापिक्सेल मिळतात. पूर्ण भरायचा तर १.३३ पट हवं, तिथे बहुतेक मॅक्रो लेन्स थांबतात.

उजेडासाठी ९५च्या पुढच्या सीआरआयचं (रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक) एलईडी पॅनल घ्या आणि फिल्म त्याला टेकवू नका, थोडी वर ठेवा म्हणजे पॅनलचे ठिपके आणि धूळ फोकसमध्ये येणार नाहीत. फ्रेमच्या आजूबाजूचा उजेड काळ्या कागदाने झाका. कॅमेरा समांतर आहे की नाही हे बघायला फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की झालं. लेन्स एफ ८च्या आसपास, फोकस हाताने, आणि तोही ग्रेनवर. फोटो रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये काढा. रंगीत निगेटिव्हवरची नारिंगी छटा काढायला डार्कटेबल या सॉफ्टवेअरमधला नेगाडॉक्टर मोफत आहे. फिल्मचा रिकामा काठ एका शॉटमध्ये घ्या, त्यावरून बेसचा रंग धरता येतो. प्रत्येक फ्रेम वेगळी पॉझिटिव्ह करता येत असल्याने ऊन-सावलीच्या जोडीचं दुखणं इथेच संपतं.

प्रतिसाद

उन्हातल्या फोटोंबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. तुमची फिल्म ४००ची आहे. सनी-१६च्या नियमाने (भर उन्हात एफ १६ आणि शटरचा वेग एक भागिले आयएसओ) पाहा: भर उन्हात १/४०० आणि एफ १६. कॅमेऱ्याकडे १/२००च्या पुढे वेग नाही, म्हणजे तो एफ २२वर जातो, आणि तिथे डिफ्रॅक्शन (फार लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरून चित्र मऊ होणं) सुरू होतं. छोट्या फ्रेमवर ते जास्त जाणवतं, कारण वाढही जास्त करावी लागते. १००ची फिल्म घातली असती तर तेच एफ ११ला झालं असतं.

सावलीत बरोबर उलट. मोकळ्या सावलीत साधारण तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) कमी धरा. ४००ची फिल्म १/२००, एफ ८वर आरामात चालते. १००ची मात्र एफ ४वर येते, फिक्स फोकसची जवळची-लांबची सूट तिथेच जाते. अजून अंधार झाला की १/४०, आणि मग हातही हलतो. बारीक ग्रेनची फिल्म म्हणून नेहमी शार्प, असं या कॅमेऱ्यात होत नाही. उन्हासाठी १००, ढगाळ हवा आणि सावलीसाठी ४००. ७२ फोटोंचा रोल एकाच प्रकाशात संपवणं कठीण जातं हे खरं, पण निदान बहुतेक फोटो कुठे काढणार ते आधी ठरवून रोल भरा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

मनापासून आभार! फ्रेम फिरवून पाहिली. मऊ कोपरा स्कॅनरच्याच बाजूला राहिला, चित्राबरोबर फिरला नाही. मिररलेसने काढलेल्या शॉटमध्ये ग्रेन पहिल्यांदाच स्पष्ट दिसला, आणि सावलीतला एक फोटो, जो मी वाया गेला असं धरून चाललो होतो, चक्क शार्प निघाला. उन्हातले मात्र ग्रेन टोकदार असूनही मऊच आहेत, म्हणजे एफ २२चं म्हणणं पटतंय. पुढचा रोल १००चा भरतोय.

एक शंका उरली. फिल्म लांबीच्या दिशेने फार गुंडाळली जाते, होल्डरमध्ये मधोमध फुगते. काच ठेवू का वरून?

प्रतिसाद

साधी काच नको, फिल्म टेकली की न्यूटन रिंग (रंगीत कड्यांचे डाग) येतात. पट्ट्या कापून स्लीव्हमध्ये घाला आणि जाड पुस्तकाखाली काही दिवस ठेवा. तरी फुगली तर अँटी-न्यूटन काच, तिची खरबरीत बाजू फिल्मच्या चकचकीत बाजूला लावून. इमल्शनची (चित्राचा थर असलेली, कमी चकचकीत) बाजू मोकळी आणि लेन्सकडे ठेवा, चित्र नंतर आडवं पलटवा.