कुळागराच्या कडेला बांधलेल्या कामाच्या खोलीचे आतले काम: क्रम बरोबर आहे का?

प्रश्न (फोंडा)

नमस्कार. घरून काम करता यावे म्हणून घरामागे, कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला, १० बाय १२ फुटांची खोली मी स्वतः उभारली आहे. चिऱ्यांचे जोते, त्यावर लोखंडी चौकोनी नळ्यांचा सांगाडा (वेल्डिंग तेवढे दुसऱ्याकडून करून घेतले), बाहेरून सिमेंट फायबरचे बोर्ड आणि वर पत्रा, एवढे काम पावसाआधी झाले. आतून सांगाडा उघडाच आहे. इंग्लंडमधील व्हिडिओ पाहून नळ्यांमधल्या पोकळीत रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) भरायचे, त्यावर आतून प्लॅस्टिक ताणून बसवायचे आणि मग जिप्सम बोर्ड लावायचा, असे ठरवले आहे. एसीही बसवणार आहे. असे काम मी पहिल्यांदाच करत असल्यामुळे जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (डिचोली)

कृपया प्लॅस्टिक आतून लावू नका. थंड देशांत हिवाळ्यात खोलीतली हवा उबदार आणि बाष्पयुक्त असते, बाहेर गारठा असतो. आतली वाफ भिंतीत शिरून तिचे पाणी होऊ नये म्हणून तिथे प्लॅस्टिक आतल्या अंगाला लावतात. आपल्याकडे दमट हवा बाहेर असते आणि एसीने गार झालेली खोली आत. बाहेरून शिरलेली वाफ त्या गार प्लॅस्टिकच्या मागे अडेल, तिचे पाणी होईल, रॉकवूल भिजेल आणि नळ्या गंजू लागतील. बोर्ड लागलेला असल्यामुळे हे तुम्हाला बराच काळ दिसणारही नाही. म्हणून वाफ बाहेरच अडवा: बोर्डांचे सांधे सीलंटने भरा, बाहेरून चांगला रंग द्या, आणि आतली बाजू मात्र श्वास घेऊ शकेल अशी ठेवा. आत ऑइल पेंट किंवा व्हिनाइलचा वॉलपेपर नको, साधा पाण्यात मिसळणारा रंग पुरे.

पत्र्याखाली चकचकीत फॉइल लावणार असाल तर दोहोंमध्ये हवेची पोकळी सोडा, कारण पत्र्याला चिकटलेले फॉइल उष्णता परतवू शकत नाही.

उत्तर (पेडणे)

बोर्डाआधी वायरिंग. दिव्यांना १.५, सॉकेटना २.५ आणि एसीला स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची वायर पाइपमधून न्यावी, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावी. तुमचा सांगाडा लोखंडी आहे, म्हणून त्याला अर्थिंग दिलेच पाहिजे; एखादी वायर आत सोलली गेली तर अख्ख्या खोलीत वीज उतरू शकते. ही जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. बोर्ड लावण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा, शेजारी टेप धरून, फोटो काढून ठेवावा. पुढे फळी ठोकताना तोच उपयोगी पडतो.

उत्तर (काणकोण)

जिप्सम बोर्ड लावायचाच असेल तर ओलावा सहन करणारा घ्या आणि खालचे दोन फूट सिमेंट बोर्ड लावा. जमिनीपासून अर्धा इंच जागा सोडून ती स्कर्टिंगने झाका, म्हणजे फरशी पुसताना बोर्ड पाणी ओढणार नाही. टेबल आणि कपाटासाठी आयएस ७१० चे (ओल सोसणारे, मरीन) प्लायवूड घ्या. कुळागराजवळ वाळवी येतेच, त्यामुळे जोत्याच्या कडेने तिचे औषध आताच मारून घ्या.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. प्लॅस्टिक रद्द केले. रॉकवूल आणून ठेवले आहे, ते या आठवड्यात भरू का?

उत्तर (डिचोली)

थांबा. पाऊस सुरू असताना खोली आतून उघडी आहे हे बरेच झाले, कारण गळती शोधण्याची अशी संधी पुन्हा मिळणार नाही. जोराची सर येऊन गेली की टॉर्च घेऊन पत्र्याचा प्रत्येक स्क्रू, खिडकीची चौकट आणि जोत्याचा सांधा पाहा, आणि जिथे ओल दिसेल तिथे खडूने खूण करा. त्या जागा बंद करून पुढच्या सरींत पुन्हा तपासा. रॉकवूल तोवर घरात, जमिनीपासून वर ठेवा. ते चवथ (गणेशचतुर्थी) उलटून हवा कोरडी झाल्यावरच भरा.