टर्मिनलमधल्या 'किल'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : लिनक्सच्या टर्मिनलवर, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, टर्मिनलच्या सेटिंग दाखवणारा 'एसटीटीवाय -ए' आदेश दिला की इंटर (इंटरप्ट), इरेझ, किल, ईओएफ (एंड ऑफ फाइल) अशी नावे आणि त्यांच्यापुढे कळा दिसतात. किलपुढे कंट्रोल-यू आहे. विद्यार्थ्यांसाठी मराठी टिपण लिहिते आहे. 'मारा' चालेल का?

उत्तर : नको. हा किल कोणाला मारत नाही, एंटर दाबण्याआधी टाइप केलेली अख्खी ओळ पुसतो. चालू प्रोग्राम थांबवण्याचे काम इंटरचे, म्हणजे कंट्रोल-सीचे. प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, सिग्नल पाठवणारा 'किल' हा आदेश तर निराळाच. मी 'ओळ खोडा' लिहीन आणि इरेझला 'अक्षर खोडा'.

टिपणात एक गोष्ट ठळक यायला हवी : ही नावे कामांची आहेत, कळांची नव्हेत. कोणत्या कामाला कोणती कळ, हे आपण ठरवू शकतो. 'एसटीटीवाय किल' पुढे ^ (कंट्रोलची खूण) आणि एक्स लिहिले की कंट्रोल-एक्सने ओळ पुसली जाते. लिनक्स ज्या युनिक्स प्रणालीच्या धर्तीवर आहे, तिच्या १९७९च्या सातव्या आवृत्तीत अक्षर खोडायला # आणि ओळ खोडायला @ असे. कागदावर छापणाऱ्या टेलिटाइपवर उमटलेले अक्षर नाहीसे करता येत नसे, म्हणून खोडल्याची खूणच छापली जाई. मजकुरात खरेच @ हवे असेल तर आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागे. किल हे नाव तेव्हापासून टिकले, कळ मात्र बदलली.

आणखी एक मत : 'ओळ खोडा' उत्तम. पण ईओएफला 'फाइल समाप्त' लिहू नका, विद्यार्थी फाइल शोधत बसतील. कंट्रोल-डी प्रोग्रामपर्यंत पोहोचतच नाही. टर्मिनल तोवर टाइप झालेले प्रोग्रामच्या हाती देते. ओळ रिकामी असेल तर एकही बाइट जात नाही आणि त्यावरून प्रोग्राम इनपुट संपले असे समजतो. म्हणून 'इनपुट संपले'.

प्रश्नकर्ती : पटले. बॅकस्पेस दाबल्यावर ^एच उमटते, तेही यातलेच का?

उत्तर : हो. कळ आस्कीतला (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतावलीतला) ८ क्रमांकाचा संकेत पाठवते आणि टर्मिनल १२७ची वाट पाहते. 'एसटीटीवाय इरेझ' पुढे ^ आणि एच लिहा. हा बदल त्या टर्मिनलपुरताच राहतो; कायम हवा असेल तर ती ओळ बॅशच्या, म्हणजे आदेश वाचणाऱ्या प्रोग्रामच्या, आरसी फाइलमध्ये (ती तो सुरू होताना वाचतो) टाका.