पीळ वजनावर नाही, लांबीवर ठरतो

बंदुकीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात; त्या गोळीला फिरवतात, म्हणून ती स्थिर जाते. जड गोळीला जास्त पीळ लागतो, असं म्हणतात. थोडी दुरुस्ती: गोळीचं वजन नव्हे, लांबी बघायची. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची निव्वळ तांब्याची गोळी लांब होते आणि जुन्या नळीत डगमगते.

अमेरिकेतलं १९५५ चं उदाहरण घ्या. रेमिंग्टन या बंदूक कंपनीने .२४४ हे काडतूस काढलं, विंचेस्टर कंपनीने .२४३. रेमिंग्टनचा पीळ १२ इंचांत एक फेरा, विंचेस्टरचा १० इंचांत (आकडा जितका लहान, तितका पीळ जास्त). किती इंचांत एक फेरा हवा हे सांगणारं ग्रीनहिलचं सूत्र लावा: १५० गुणिले गोळीच्या व्यासाचा (इथे .२४३) वर्ग, भागिले लांबी (सगळं इंचांत). इंचभर लांब गोळीला उत्तर ८.९ इंच येतं. वेग जास्त असेल तर १५० च्या जागी १८० धरतात, तरी १०.६ च. म्हणजे १२ चा पीळ अपुराच! लहान प्राण्यांसाठीच्या हलक्या गोळ्या छान जायच्या, पण हरणासाठी लोकांना १०० ग्रेनची (सुमारे साडेसहा ग्रॅम वजनाची) हवी होती, आणि लांब टोकदार गोळ्यांचा त्या नळीत भरवसा नव्हता. गिऱ्हाईक .२४३ कडे वळलं. १९६३ मध्ये तेच काडतूस '६ एमएम रेमिंग्टन' नावाने, ९ इंची पिळासह परत आलं. तोवर बाजार हातचा गेला होता. काडतुसात खोट काहीच नव्हती हो!