प्राइड परेड : मिरवणूक की मोर्चा?

एका भाषांतरात समलिंगी, ट्रान्स वगैरे लोकांच्या 'प्राइड परेड'ला सगळीकडे 'अभिमान मिरवणूक' केलंय. मला खटकतंय पण का ते नीट सांगता येईना. मोर्चा म्हणावं का? की परेडच ठेवू? आणि ती काढणाऱ्या मंडळींना आयोजक म्हणायचं की संयोजक?

——

मिरवणूक अगदीच चूक नाही ओ. 'घरात काय करायचं ते करा, चारचौघांत मिरवता कशाला' हेच तर या लोकांना कायम ऐकवलं जातं ना, मग रस्त्यावर येऊन मिरवणं हीच मागणी झाली की. फक्त मिरवणुकीला कुणाकडे काही मागायचं नसतं, मोर्चाला असतं.

——

हा फरक पार सुरुवातीपासून आहे. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारवर पोलिसांची धाड पडली तेव्हा या लोकांनी जो उठाव केला त्याला वर्ष झालं त्या दिवशी, २८ जून १९७० ला, न्यूयॉर्कमध्ये निघाला तो 'मार्च' आणि त्याच दिवशी लॉस एंजेलिसमध्ये चित्ररथांसकट निघाली ती 'परेड'. आता दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, पण आतल्या लोकांना फरक पक्का कळतो. २०१९ मध्ये न्यूयॉर्कला मुख्य परेडच्याच दिवशी एक गट कंपन्यांचे रथ नकोत, पोलिसांचं पथक नको म्हणत वेगळा निघाला, त्यांनी नाव घेतलं 'क्वीअर लिबरेशन मार्च'. दोन्हीला मिरवणूक लिहिलंत तर वाचणाऱ्याला भांडण काय होतं तेच कळणार नाही.

——

मला तर मोर्चापेक्षा 'मोर्चेबांधणी' हा शब्द इथे जास्त फिट वाटतो 😄 मोर्चा रस्त्यावर, मोर्चेबांधणी बैठकीत. पुढचा बॅनर कोण धरणार, माईक कुणाकडे किती वेळ, लोगो कुणाचा केवढा, सगळं तिथेच ठरतं. आणि पोलीस परवानगीच्या अर्जावर ज्याची सही असते ना, तो आपोआप वरचढ होतो कारण उद्या घोषणांवरून काही झालं तर बोलावणं त्यालाच येणार, मग तो म्हणतो घोषणा आधी दाखवा, बाकीचे म्हणतात तू कोण ठरवणारा. मला त्या सहीवाल्याची थोडी कीव येते. पण स्पॉन्सरला पुढची जागा आणि ट्रान्स लोकांना शेवटची पाच मिनिटं, याला काही सबब नाही. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राइडच्या सभेत सिल्विया रिवेरा ही ट्रान्स कार्यकर्ती तुरुंगातल्या आपल्या लोकांबद्दल बोलायला उभी राहिली तर समोरून हुर्यो उडवली गेली, तीही आपल्याच गर्दीतून!

त्यामुळे पैसा आणि परवाना हातात असलेले ते आयोजक, आणि चार गटांना एकत्र आणणारे ते संयोजक, असं मी तरी लिहीन. पुष्कळदा माणसं तीच असतात आणि गोची तिथेच होते.

——

'ग्रँड मार्शल'ला मात्र 'मानकरी' मस्त बसतो. मान द्यायचा, पुढे चालवायचं, निर्णयात विचारायचं नाही. पण मानकरी गप्प बसतीलच असं नाही. टोरांटोत २०१६ मध्ये कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचाराविरुद्धच्या 'ब्लॅक लाइव्ज मॅटर' चळवळीच्या तिथल्या गटाला मानाने बोलावलं होतं, त्यांनी भर रस्त्यात बसकण मारून परेड अर्धा तास अडवली आणि मागण्यांच्या कागदावर आयोजकांची सही घेऊनच उठले. त्यात पोलिसांचे चित्ररथ नकोत हीपण मागणी होती, आणि पुढच्या वर्षी परेड काढणाऱ्या संस्थेच्या सभासदांनी मतदान करून त्या मागण्यांना पाठिंबा दिला.

——

म्हणजे टोरांटोत मिरवणुकीचा मोर्चा झाला तर! ठीक, मग १९७० च्या न्यूयॉर्कला मोर्चा करते, बाकी ठिकाणी परेडच ठेवते. 'फ्लोट'ला सरसकट चित्ररथ चालेल ना?

——

देखावा असेल तर चालेल. नुसता बँकेचा बॅनर लावून वर चार जण नाचत असतील तर चित्ररथ कसला, ट्रकच लिहा.