लांब पल्ल्याच्या घोडदौडीत हेल्मेटची सक्ती हवी की नको?

खानापूरचा स्वार:
दिवाळीनंतर खानापूर-जांबोटी पट्ट्यात ४० किलोमीटरची दौड घ्यायचं आमच्या गटात चाललंय. घोड्यांच्या तपासणीवर लगेच एकमत झालं, हेल्मेटचा विषय निघाला तसे निम्मे जण गप्प. माझं मत: हेल्मेट नसेल त्याला दौडीत घ्यायचंच नाही, मग तो कितीही जुना स्वार असो.

निपाणीचे काका:
पटत नाही. आमच्याकडची पोरं खोगिराशिवाय घोडा पळवत मोठी झाली. डोक्याला फेटा असतो, ऊनही लागत नाही. अमेरिकेतलंच बघा की. टेव्हिस कप ही घोडदौड १९५५ पासून चाललीय, एका दिवसात १०० मैल. तिथल्या एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या दौडीच्या संघटनेनं मोठ्यांवर हेल्मेट लादलेलं नाही. जाणत्या माणसाला स्वतःचं कळतं.

खानापूरचा स्वार:
काका, त्याच संघटनेनं लहान मुलांना सक्ती केलीय. एफईआय, म्हणजे घोडेस्वारीची जागतिक संघटना, तिच्या स्पर्धांत तर सगळ्यांनाच आहे. शिवजयंतीला मीही अभिमानानं फेटा बांधतो, पण हेल्मेटमधला फोम दबून मार स्वतःवर घेतो तसं कापड घेत नाही. खोगिरात बसलेल्याचं डोकं जमिनीपासून सात-आठ फुटांवर असतं. जांबोटीच्या रानात झुडपातनं मोर उडाला की चालता घोडासुद्धा बुजून बाजूला उडी मारतो. तिथं तीस वर्षांचा अनुभव काय करणार?

बेळगावचा पागेवाला:
हेल्मेट हवंच, पण कुठलं? आमच्यातले काही मोटारसायकलचं घालून येतात. जड, कान झाकलेले, मागच्या घोड्याची टाप ऐकू येत नाही, दोन तासांत मान आखडते. घोडेस्वारीचं वेगळं मिळतं, पण महाग. शर्यतीच्या गाड्या हाकणारी गरीब पोरं यायची म्हणतात, त्यांना दारातनंच परत पाठवायचं का? सक्ती करता तर गटानं विकत घेऊन द्या.

खानापूरचा स्वार:
वर्गणी काढू, मान्य. पण दहा जणांनी वापरलेलं नको. एकदा जोरात आपटलं की आतला फोम दबतो, वरून चरासुद्धा दिसत नाही. पडलेलं हेल्मेट बाद, हे आधी लिहून ठेवू.

चिकोडीची नर्स:
हेल्मेटवर थांबू नका. एफईआयच्या नियमात टप्प्यावर थांबल्यावर १५ मिनिटांत घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ६४ पर्यंत खाली यावे लागतात, नाहीतर तो बाद. घोड्याला बोलता येत नाही म्हणून हे योग्यच. पण स्वाराकडं कोण बघतं? मागं एका दौडीत एक पोरगा पडला, धूळ झटकून परत बसला. टप्प्यावर घोडा पास झाला. पोरगा मात्र पाणी पिता पिता सोबत्याला तीनदा विचारत होता, "आपण कुठनं निघालो?" मी त्याला उतरवून ठेवलं, तर लोक माझ्यावरच चिडले. तोच तोच प्रश्न, उलटी, डोकेदुखी दिसली की माणूस त्या दिवशी खोगिरात परत चढता कामा नये. डोकं दुखावलेलं असताना दुसरा मार बसला तर जीव जाऊ शकतो. हेल्मेट कवटी वाचवतं; आत मेंदू हलतो, ते पूर्ण थांबवत नाही.

निपाणीचे काका:
ताई, असं केलंत तर पोरं पडलेलं सांगणारच नाहीत, लपवतील.

चिकोडीची नर्स:
म्हणून तर वाटेवर माणसं उभी करा म्हणते. घोड्याची नाडी बघताना स्वारालाही दोन प्रश्न विचारायचे, पडलेला असो वा नसो. सगळ्यांनाच विचारलं की लपवायचं काय राहतं?

निपाणीचे काका:
हे चालेल. पोरांना हेल्मेटही चालेल. माझा फेटा मात्र मी उतरवणार नाही.

खानापूरचा स्वार:
काका, पोरं तुमच्याकडं बघूनच घोड्यावर बसायला शिकली. तुम्ही फेट्यात निघालात तर माझं कोण ऐकणार? रविवारच्या बैठकीला या. मी सगळ्यांसाठी सक्ती मागणार आहे, तुमच्यासाठीसुद्धा.