प्रति: वडिलांसाठी साधा फोन

घोडबंदर रोडला एकट्या राहणाऱ्या, विसरायला लागलेल्या वडिलांसाठी साधा फोन हवा, असा प्रश्न आहे. वर सगळ्यांनी मोठ्या बटणांवर भर दिलाय, पण खरी कटकट बटणांच्या मापाची नसते. बऱ्याच कीपॅड फोनमध्ये # दाबून धरलं की फोन सायलेंट होतो आणि कॉल संपवायचं लाल बटण जास्त वेळ दाबलं की बंदच पडतो. मग आपण इकडून फोन लावत बसायचं! कीपॅड लॉक लावावं, तर उघडायची दोन बटणं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. म्हणून माझं मत फ्लिपला, म्हणजे घडी घालून मिटणाऱ्या फोनला. मिटला की बटणं झाकलेली, आणि उघडताच कॉल घेतला जाईल अशी सेटिंग बहुतेकांत मिळते, ती चालू करा. मात्र आधीपासून कीपॅड फोन हाताळत असतील, तर तशाच ठेवणीचा घ्या. नवी सवय लागणं अवघड.

जिओचं सिम असेल तर 4जी फोनच लागेल, 2जी हँडसेटमध्ये ते चालत नाही. स्पीड डायल (एक बटण दाबून धरलं की ठरलेला नंबर लागतो ते) 2 पासून लावा, कारण 1 बहुधा व्हॉइसमेलला असतो. 5 किंवा 9 दाबून धरल्यावर 112 या आपत्कालीन नंबरला कॉल जाऊ शकतो, त्यामुळे ते दोन्ही मोकळे सोडा. स्टेशनजवळच्या दुकानात आपलंच सिम घालून रिंग आणि आवाज ऐकून पाहा.

बँकेचा ओटीपी येणारा नंबर मात्र या फोनमध्ये नको.