टिकाऊ, उच्च श्रेणीचा कॅमेरा घ्यावा का? अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे

नमस्कार,

मी बऱ्याच वर्षांपासून मधल्या श्रेणीचा डीएसएलआर वापरत आहे आणि माझे छायाचित्रण बहुतांशी पाणथळ जागी, पक्ष्यांच्या मागे, म्हणजेच चिखल, दव आणि अवेळी येणाऱ्या पावसात चालते. आता त्याच्या पकडीवरचे रबर सुटू लागले आहे आणि मागचे चाक फिरवले की करकर वाजते. नवीन कॅमेरा घ्यायचे नक्की आहे. परंतु व्यावसायिकांसाठी बनवलेली दणकट बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्यावी, की पुन्हा मधल्याच श्रेणीची घेऊन उरलेले पैसे लेन्सकडे वळवावेत, याचा निर्णय होत नाही.

माझी मुख्य शंका टिकाऊपणाच्या दाव्यांविषयी आहे. 'वेदर सीलिंग' (पाणी-धूळ आत शिरू नये म्हणून सांधे बंद करणे) हे शब्द जवळजवळ प्रत्येक महागड्या कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात असतात, पण त्या संरक्षणाची मर्यादा स्पष्ट करणारे आयपी मानांकन मोजकेच उत्पादक देतात. ओएम सिस्टिम कंपनीच्या ओएम-१ या कॅमेऱ्याला आयपी५३ आहे. त्यातला ५ हा आकडा धुळीसाठी असून ३ हा आकडा उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरक्या येणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यासाठी आहे. कॅमेरा डबक्यात पडला तर तो वाचेल, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. शिवाय हे संरक्षण लेन्सही सील केलेली असेल तरच उपयोगाचे. लेन्सच्या मागच्या बाजूला, माउंटभोवती (जिथे ती बॉडीला जोडली जाते), जी बारीकशी रबरी कडी असते ती नसेल, तर बॉडी कितीही भक्कम असली तरी पाण्याला तेवढी फट पुरते. म्हणजे दणकट बॉडी घेतली की तशाच लेन्सचा खर्चही ओघाने आलाच.

शटरच्या (फोटो घेताना उघडझाप करणाऱ्या पडद्याच्या) आयुष्याचे आकडे मला तितकेसे निर्णायक वाटत नाहीत. निकॉनने डी८५० चे शटर २ लाख आणि कॅननने १डी एक्स मार्क ३ चे ५ लाख वेळा चालेल असे सांगितले आहे. २०२१ मध्ये आलेल्या निकॉन झेड९ मध्ये तर यांत्रिक शटरच ठेवलेले नाही. (झिजणारा भागच काढून टाकला, हे मला मनापासून आवडले.) माझ्यासारख्या हौशी माणसाच्या हातात शटर झिजण्याच्या कितीतरी आधी मूळ बॅटरी आणि सुटे भाग मिळेनासे होतील, अशी मला जास्त धास्ती आहे.

ज्यांनी अशी बॉडी पावसाधुळीत दीर्घकाळ वापरली आहे, त्यांनी कृपया सांगावे की सील कालांतराने सैल पडतात का, ते सर्व्हिसिंगमध्ये बदलून मिळतात का, आणि पाणी शिरून झालेले नुकसान वॉरंटीत कोणी मान्य केले का. वजनाचाही अनुभव लिहावा. लांब लेन्ससह दिवसभर गळ्यात वागवायचा आहे.